‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचं? नव्या अनुवादकांसाठी पायरी-पायरीने

गेल्या उन्हाळ्यात गावाकडचे एक काका कागद घेऊन माझ्याकडे आले. पीककर्जाच्या कागदपत्रांबरोबर त्यांना एक मराठी पत्र मिळालं होतं. त्यात वाक्य होतं, ‘सदर जमिनीवर बँकेचे शुल्क राहील.’ काकांनी विचारलं, “शुल्क म्हणजे किती भरायचे? दोनदा जाऊन आलो, कोणी आकडा सांगत नाही.” खिशात पैसे घेऊन ते फिरत होते. मूळ इंग्रजी मसुदा पाहिला तेव्हा उलगडा झाला. तिथे शब्द होता ‘चार्ज’, आणि भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलला होता. भरायचं काहीच नव्हतं. म्हणायचं होतं ते इतकंच, की कर्ज फिटेपर्यंत जमिनीवर बँकेचा बोजा राहील. बोजा हा शब्द काकांना माझ्यापेक्षा चांगला कळतो, सातबाऱ्यावर तो त्यांनी आयुष्यभर पाहिला आहे.

एका शब्दाने माणसाचे दोन दिवस आणि झोप घालवली. म्हणून हा लेख. भाषांतराच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी आणि इंग्रजीतून मराठीत बातम्या, पत्रं, अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येकासाठी. ‘चार्ज’ निवडला, कारण हा शब्द आपल्या तोंडात दिवसभर असतो. मोबाइल चार्ज करतो, साहेब चार्ज घेतात, कोर्टात चार्जशीट जातं, डिलिव्हरी चार्ज लागतो. तोंडात आहे म्हणून तो कळतोच असं आपण धरून चालतो, आणि तिथेच घसरतो.

पायरी पहिली: शब्दकोश उघडण्याआधी ओझं शोधा

चार्ज हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘कारुस’ आहे, म्हणजे सामान वाहायचा गाडा. रोमन लोकांनी हा शब्दही गॉल लोकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या लोकांच्या, भाषेतून घेतला होता. त्यावरून ‘गाड्यावर माल लादणे’ असं क्रियापद झालं आणि त्यातूनच पुढे चार्ज. कार आणि कार्गो ही त्याच घराण्यातली भावंडं.

म्हणजे पहिला अर्थ लादणे. पुढचे सगळे अर्थ यातूनच फुटले आहेत. ग्राहकावर पैशाचं ओझं लादलं की आकार. माणसावर गुन्ह्याचं ओझं ठेवलं की आरोप. कामाचं ओझं दिलं की कार्यभार. जमिनीवर कर्जाचं ओझं चढवलं की बोजा. तोफेत दारू भरली तर तोही चार्ज, आणि अठराव्या शतकात विजेचे प्रयोग सुरू झाले तेव्हा काचेच्या बरणीत वीज ‘भरणं’ हाही चार्जच झाला.

आता आपले शब्द बघा. कार्यभार, पदभार, प्रभार, अधिभार, विद्युतभार. सगळीकडे भार आहे. आरोप या संस्कृत शब्दाच्या मुळाशी ‘रुह्’ म्हणजे चढणे हा धातू आहे. आरोहण म्हणजे चढणं, आरोप म्हणजे चढवणं, वर ठेवणं. आपण बोजा ‘चढवतो’, हल्लाही ‘चढवतो’. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या भाषांनी एकाच चित्रातून शब्द घडवले आहेत, आणि हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

म्हणून वाक्य समोर आलं की आधी तीन प्रश्न विचारायचे. ओझं कशाचं? ते कोण ठेवतं? कोणावर? उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

पायरी दुसरी: शेजारचा छोटा शब्द वाचा

इंग्रजीत क्रियापदाच्या मागेपुढे येणारा छोटा शब्द अर्थ फिरवतो. ‘चार्ज फॉर’ आलं तर पैसे घेणं. ‘चार्ज विथ’ आलं तर बहुधा आरोप ठेवणं. पण ‘विथ’नंतर गुन्ह्याऐवजी काम आलं, तर जबाबदारी सोपवणं. ‘चार्ज अ‍ॅट’ म्हणजे अंगावर धावून जाणं. ‘चार्ज ऑन’च्या पुढे जमीन, घर, यंत्र अशी मालमत्ता असेल तर बोजा. ‘चार्ज टू’च्या पुढे खातं असेल तर ती रक्कम त्या खात्यावर मांडणं. आपल्या वाण्याच्या वहीत यासाठी पिढ्यान् पिढ्या शब्द आहे, ‘नावे टाकणे’. ‘माझ्या नावावर मांडून ठेवा’ म्हटलं की पुरे.

एक जोडी नव्या माणसाला हमखास फसवते. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे ती व्यक्ती जबाबदार आहे. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे ती व्यक्ती दुसऱ्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे. बाई मुलांच्या इन चार्ज असतात, मुलं बाईंच्या चार्जमध्ये असतात. मधला एक ‘द’ गेला तर सांभाळणारा कोण आणि सांभाळला जाणारा कोण, याचीच अदलाबदल होते.

पायरी तिसरी: पैशाचा चार्ज असेल तर घाई करू नका

इथे मराठी इतकी श्रीमंत आहे, की सगळीकडे ‘शुल्क’ लिहिणं म्हणजे भरल्या घरात उपाशी राहणं.

महावितरणचं घरगुती वीजबिल हातात घ्या. त्यावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ अशा ओळी दिसतील, आणि खाली ‘वीज शुल्क’. पहिल्या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत चार्ज आहे. चौथ्या ठिकाणी इंग्रजीत ‘ड्यूटी’ आहे, जी सरकारला जाते. कंपनीने घ्यायचा तो आकार, सरकारने घ्यायचं ते शुल्क. हा फरक एका कागदावर इतका स्वच्छ पाळलेला दुसरीकडे क्वचित सापडतो. नव्या अनुवादकाला मी पहिल्या दिवशी हेच बिल वाचायला देते. आकार हा शब्द सातबाऱ्यावरही आहे, जमिनीच्या साऱ्याची आकारणी म्हणून.

त्यापलीकडे मराठीचा एक जुना प्रत्यय आहे, त्याच्याकडे आपण पाठ फिरवली आहे. दळून देण्याचे पैसे दळणावळ. कपडे शिवण्याचे शिवणावळ. दागिना घडवण्याचे घडणावळ. धुण्याचे धुणावळ. गुरं चारण्याचे चारणावळ. खाणावळ या शब्दाचाही एक अर्थ जेवणाचे पैसे असा होता, नंतर तो जेवणाच्या जागेला चिकटला. सोनाराच्या पावतीवर आज ‘मेकिंग चार्जेस’ असं छापलेलं असतं, पण सोनार तोंडाने अजून घडणावळच म्हणतो. तुमच्या समोरच्या मजकुरात ‘मेकिंग चार्जेस’ आलं तर ‘निर्मिती शुल्क’ लिहू नका. घडणावळ लिहा, प्रत्येक आजी तुम्हाला दुवा देईल. ओझं वाहून नेण्याचे पैसे हमाली, मध्यस्थीचे दलाली, माल पोचवण्याचे वाहतूक किंवा भाडं. अंगमेहनतीचे पैसे म्हणजे मजुरी.

‘सर्व्हिस चार्ज’ला मात्र ‘सेवा शुल्क’ रुळलं आहे, ते चालू द्या. फक्त त्याचा ‘सेवा कर’ होऊ देऊ नका. सेवा कर हा सरकारी कर होता, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो संपला. हॉटेलच्या बिलावरचं सेवा शुल्क हॉटेल स्वतःसाठी घेतं. ते ग्राहकाला न विचारता आपोआप बिलात लावू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. बातमीत ‘कर’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटणार की भरावाच लागतो. एका शब्दाने त्याचा हक्क जातो.

‘फ्री ऑफ चार्ज’ला विनामूल्य किंवा नि:शुल्क, बोलताना फुकट. ‘ओव्हरचार्ज’ला जादा आकारणी, बोलताना ‘जास्त लावले’. ‘सरचार्ज’ला अधिभार, ‘सेस’ला उपकर. अधिभार आणि उपकर एकमेकांच्या जागी टाकू नका, प्राप्तिकराच्या हिशेबात दोन्हींची वेगळी ओळ असते.

आता उलट बाजू. मराठीतून इंग्रजीत लिहिताना आपण सगळ्याच पैशांना चार्ज म्हणतो. ‘बसचा चार्ज किती?’ असं विचारतो. इंग्रजीत प्रवासाचे पैसे म्हणजे ‘फेअर’. डॉक्टर, वकील, शाळा घेतात ती ‘फी’. रस्ता किंवा पूल ओलांडण्याचा ‘टोल’. घराचं भाडं ‘रेंट’. चुकीबद्दल भरायचा तो ‘फाइन’. वस्तूची किंमत ‘प्राइस’, आणि ती तयार करायला किंवा मिळवायला आलेला खर्च ‘कॉस्ट’. चार्ज हा मुख्यतः सेवेसाठी मागितलेला पैसा. चार्ज ‘मागणाऱ्या’च्या बाजूने बोलतो, कॉस्ट ‘देणाऱ्या’च्या बाजूने. हे डोक्यात बसलं की पर्यायी शब्द पाठ करावे लागत नाहीत.

पायरी चौथी: पोलीस आणि कोर्ट आलं की पेन सावकाश चालवा

इथली चूक माणसाच्या अब्रूवर जाते, म्हणून क्रम नीट समजून घ्या. आधी तक्रार, मग गुन्हा दाखल होतो, म्हणजे प्रथम खबर अहवाल. मग तपास. तपास संपला की पोलीस न्यायालयात दोषारोपपत्र देतात, यालाच आपण चार्जशीट म्हणतो. ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायालय आरोप निश्चित करतं. तो खरा ‘चार्ज’. मग आरोपीला विचारलं जातं, गुन्हा कबूल आहे का. त्यानंतर पुरावे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. टप्प्यांचा हा क्रम तोच राहिला.

भारतीय इंग्रजी बातमीत ‘बुक्ड’ आलं तर गुन्हा दाखल झाला, एवढंच. ‘चार्जशीटेड’ म्हणजे दोषारोपपत्र दाखल. ‘चार्जेस फ्रेम्ड’ म्हणजे आरोप निश्चित. ‘कन्व्हिक्टेड’ म्हणजे दोषी ठरला. पहिल्या टप्प्यावरच्या माणसाला तिसऱ्या टप्प्यावर नेऊन बसवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सुटण्याचेही दोन शब्द आहेत. ‘डिस्चार्ज’ म्हणजे खटला चालवण्याइतका आधारच नाही म्हणून न्यायालयाने आधीच मोकळं केलं, त्याला दोषमुक्त करणं म्हणतात. ‘अ‍ॅक्विटल’ म्हणजे खटला चालला आणि मग निर्दोष सुटका झाली. दोन्हींना नुसतं ‘सुटका’ म्हटलं, तर जामिनावरची सुटकाही त्यात मिसळते.

इंग्रजीत ‘अ‍ॅलिगेशन’, ‘अ‍ॅक्युझेशन’ आणि ‘चार्ज’ या तीन पायऱ्या आहेत. नुसतं कोणी म्हटलं ते पहिलं, बोट दाखवून म्हटलं ते दुसरं, अधिकृतपणे ठेवलं ते तिसरं. इंग्रजीत लिहिताना अ‍ॅक्युजपुढे ‘ऑफ’ लागतो आणि चार्जपुढे ‘विथ’, हेही ध्यानात ठेवा. मराठीत तिन्हींना ‘आरोप’ चालतो, म्हणून क्रियापदाने फरक दाखवावा लागतो. आरोप केला, आरोप ठेवला, आरोप निश्चित झाला. शिवाय बोलीभाषेत छटा आहेत. चौकशी समिती ‘ठपका ठेवते’. शेजारीण ‘आळ घेते’, आणि आळ म्हटलं की तो खोटा असण्याचा वास येतो. ‘किटाळ आलं’ म्हटलं तर माणसाने काही केलेलं नसताना संकट अंगावर आलं. बातमीत आळ किंवा किटाळ लिहू नका, निकाल दिल्यासारखं होतं. कथेत मात्र त्यांना पर्याय नाही.

पायरी पाचवी: पद, वीज, हल्ला

पदाचं सोपं आहे. कार्यभार स्वीकारला, पदभार सोडला, सूत्रं हाती घेतली. दुसऱ्या पदाचं काम वर आलं तर अतिरिक्त कार्यभार. तात्पुरता सांभाळणारा प्रभारी, जसे प्रभारी मुख्याध्यापक. राजदूत नसताना दूतावास सांभाळणाऱ्यालाही प्रभारी राजदूत म्हणतात. शासकीय शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवा. स्वतःचा शब्द पाडण्याआधी तिथे बघायची सवय लावा.

विजेत दोन भाषा आहेत. शाळेच्या पुस्तकात प्रभार: धनप्रभार, ऋणप्रभार, आणि मोजायचं एकक कूलोम. पाठ्यपुस्तकासाठी लिहीत असाल तर हेच शब्द ठेवा. घरात मात्र मोबाइल ‘चार्जिंगला लावतात’. ‘भ्रमणध्वनी प्रभारित करा’ असं सूचनापत्रकात लिहिलं, तर ज्याच्यासाठी लिहिलं तोच वाचणार नाही. इथे चार्ज हा मराठी शब्द झालेला आहे, त्याला सन्मानाने राहू द्या. आणि उलट क्रियेसाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू होत नाही तेव्हा मेकॅनिक बॉनेट उघडतो, तारा हलवून बघतो आणि म्हणतो, “ताई, बॅटरी उतरली आहे.” लॅटिन गाड्यावरचं ओझं उतरवावं, तशी त्याने बॅटरी उतरवली. कुठल्याही शब्दकोशाने त्याला शिकवलं नव्हतं.

‘चार्ज्ड’ हे विशेषण वातावरणाला लागतं तेव्हा छटा बघा. कीर्तनात रंगलेलं असेल तर भारलेलं वातावरण. दोन गट समोरासमोर असतील तर तापलेलं किंवा तणावाचं.

हल्ल्याच्या अर्थाला चालून जाणं, तुटून पडणं, हल्ला चढवणं. बैल किंवा हत्ती असेल तर अंगावर धावून येणं, हत्तीने ‘आक्रमण केलं’ असं नको. पोलिसांच्या बाबतीत मराठी वर्तमानपत्रांनी लाठीमार हा नेमका शब्द रुजवला आहे. ‘लाठीचार्ज’ हिंदी वाहिन्यांवरून येतो, त्याची आपल्याला गरज नाही.

पायरी सहावी: उपसर्ग जोडला की नव्याने विचार करा

सगळ्यात जास्त धोका ‘डिस्चार्ज’चा. रुग्णाला डिस्चार्ज म्हणजे घरी सोडलं. जखमेतला डिस्चार्ज म्हणजे स्राव. धरणातला डिस्चार्ज म्हणजे विसर्ग, आणि तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट पाणी. बंदुकीचा असेल तर गोळी झाडणं. कर्तव्याचा असेल तर बजावणं. कर्जाचा असेल तर फेड. सैन्यातून असेल तर सेवामुक्ती. प्रत्येक ठिकाणी काहीतरी उतरतं, बाहेर जातं किंवा संपतं, पण प्रत्येकाला मराठीने वेगळं नाव दिलं आहे. पावसाळ्यातली विसर्गाची बातमी नदीकाठची गावं जीव मुठीत धरून वाचतात. तिथे ‘पाणी डिस्चार्ज केले’ असं अर्धवट लिहू नका. ‘विसर्ग वाढवला’ की ‘विसर्ग सुरू केला’ हेही तपासून लिहा.

‘रिचार्ज’ मोबाइलचा असेल तर रिचार्जच. जमिनीतल्या पाण्याचा असेल तर पुनर्भरण. विहीर पुनर्भरण हा शब्द आता शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेला आहे, तो जपा.

पायरी सातवी: झालेलं वाक्य त्या माणसाला वाचून दाखवा

शब्द निवडून झाला की कागद बाजूला ठेवा आणि डोळ्यांसमोर माणूस आणा. वीजबिल भरणारी ताई, कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेला भाऊ, सातबारा घडी घालून खिशात ठेवणारे काका. त्याने वाक्य ऐकून काय केलं असतं? पैसे काढले असते, वकील गाठला असता की तलाठ्याकडे गेला असता? मूळ इंग्रजी वाक्य ऐकून त्याने जे करायला हवं, तेच मराठी ऐकून तो करणार असेल, तर शब्द बरोबर आहे. ही कसोटी शब्दकोशाच्या वरची आहे. तरी शब्दकोश टाळू नका. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. जुने असूनही त्यांत आपण विसरलेले घरगुती शब्द भरपूर सापडतात. मी अजून आठवड्यातून दोनदा तरी त्यांची पानं उलटते.

सरावासाठी एक वाक्य देते. इंग्रजी मजकूर साधारण असा समजा: नव्या अधिकाऱ्याने चार्ज घेतला, त्याच दिवशी जुन्या अधिकाऱ्यावर जादा चार्जेस वसूल केल्याचा चार्ज ठेवला गेला, आणि त्याच्या घरावर बँकेचा चार्ज असल्याचंही उघड झालं. आधी स्वतः करून बघा, मग पुढे वाचा. मी असं करीन: ‘नव्या अधिकाऱ्याने कार्यभार स्वीकारला. त्याच दिवशी जुन्या अधिकाऱ्यावर जादा आकारणी केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्याच्या घरावर बँकेचा बोजा असल्याचेही उघड झाले.’ इंग्रजीत चारदा आलेला शब्द मराठीत चार वेगळे चेहरे घेतो, आणि वाचणारा कुठेच अडखळत नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या काकांच्या पत्राचं वाक्यही ते आले होते त्याच बैठकीत आम्ही नव्याने लिहिलं: ‘कर्ज पूर्ण फिटेपर्यंत सदर जमिनीवर बँकेचा बोजा राहील. कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला देऊन तलाठी कार्यालयातून बोजा कमी करून घ्यावा.’ कायद्यात गहाण आणि बोजा वेगळे आहेत, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण कलम ५८ मध्ये आणि हा बोजा कलम १०० मध्ये आहे, म्हणून ‘गहाण’ लिहायचा मोहही आवरला. काकांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “हे आधीच असं लिहिलं असतं तर मी पेरणीला गेलो असतो.”